मागच्या व्हॉल्व्हची चावी

१२ जानेवारी

ठिणगे,

पाकिटावरचा पत्ता आईकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडता कुठल्यातरी खणात सरकवलं असतंस, हे मला पक्कं ठाऊक आहे. हा हट्ट तू कुणाकडून घेतलास तेही ठाऊक आहे. तेव्हा फसवणूक झाली असं समज आणि फोडलंच आहेस तर वाच.

तीन वर्षं झाली. रविवारी तुझा आईला फोन आला की मी गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालतो. तुम्ही दोघी तासतासभर बोलता. एवढ्या पाण्याने दोन झाडं कुजून मेली, तिसरं त्याच वाटेवर आहे.

बातमी अशी की तुझा बाप कॉलेजात जातो. चोपन्नाव्या वर्षी. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते नऊ, दुपारपाळीच्या आधी. विषय प्रोसेस डायनॅमिक्स अँड कंट्रोल. म्हणजे तुझाच.

हौस म्हणून नाही गं. कारखान्यात नवा बॉयलर येतोय. काचेची कंट्रोल रूम, चाकांच्या खुर्च्या, सगळा कारभार पडद्यावर. मोठ्या साहेबांनी नोटीस लावली की या विषयात जो पास होईल तोच बॉयलरवर राहील, बाकीचे गोदामात. एकतीस वर्षं मी ड्रममधलं पाणी काचेच्या नळीत बघून राखलं. कमी पडलं तर नळ्या जळतात, जास्त झालं तर वाफेबरोबर पाणी पुढे जातं आणि पाइप हादरतात. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. आणि आता म्हणे परीक्षा द्या, नाहीतर पोती उचला.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर सगळी पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं नवे सर आले. मीही त्यांना जरा वेळ उभंच ठेवलं, खोटं कशाला बोलू. मग मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो आणि दप्तरातून कंपास पेटी काढली तेव्हा जो हशा पिकला, तो तू ऐकायला हवा होतास. कंपास पेटी नवी आहे. आईने घेऊन दिली.

शिकवणाऱ्या मॅडम तुझ्याच वयाच्या असतील. हाताला सतत खडू. मला म्हणाल्या, "काका, समजलं नाही तर लगेच हात वर करा." मी पहिल्या तासाला अकरा वेळा केला. बाराव्या वेळी लाज वाटली.

उत्तर पाठवच असं काही नाही.

— बाबा

३ फेब्रुवारी

ठिणगे,

पहिली चाचणी झाली. पन्नासपैकी अकरा. पेपर घरी आणला तो शर्टाच्या आतून. आईने कपडे धुवायला घेताना शोधलाच. म्हणाली, "अहो, पोरीला एकदा पंचेचाळीस मिळाले होते तर तुम्ही विचारलं होतं, उरलेले पाच कुठे सांडलेस? आता तुमचे एकोणचाळीस कुठे सांडले?" मी पेपर तिच्या हातातून ओढून घेतला.

गणिताशी माझं जमत नाही. लाप्लास म्हणून कुणी गृहस्थ होऊन गेले, त्यांनी सरळ चाललेल्या वेळेचं काय केलं देव जाणे, फळ्यावर वेळ जाते आणि तिच्या जागी एक 'एस' येऊन बसतो. पोरं तो 'एस' लीलया फिरवतात. माझं घोडं तिथेच पेंड खातं.

पण काही गोष्टी मात्र मला त्यांच्याआधी कळतात. मॅडमनी डेड टाइम शिकवला. आपण व्हॉल्व्ह फिरवतो, आणि काही वेळ काहीच होत नाही. माणसाला वाटतं कमी फिरवला. तो आणखी फिरवतो. मग एकदम सगळं अंगावर येतं. पोरं वहीत उतरवून घेत होती आणि मी मनात म्हटलं, हे तर आमच्या घरात रोज होतं. तुझ्या आईला काही सांगितलं की दोन दिवस नुसती शांतता. तिसऱ्या दिवशी भांडी आपटतात. मी दुसऱ्या दिवशी तेच परत सांगायचो, ही माझी चूक. मॅडम म्हणाल्या डेड टाइम जेवढा मोठा, तेवढा हात सावकाश चालवावा.

म्हणून मी तुला रोज पत्र लिहीत नाही.

आणि आता ऐक. गुरुवारी मॅडमनी विचारलं, "बॉयलरवर वाफेची मागणी एकदम वाढली. ड्रममधली पातळी कुठे जाईल?" चाळीसच्या चाळीस पोरं म्हणाली खाली. वाफ जास्त गेली, पाणी कमी होणारच. मी हात वर केला. म्हटलं, "मॅडम, आधी वर."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "का काका?"

म्हटलं, "दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात, म्हणून काचेत पाणी वर चढलेलं दिसतं. खरं तर ते कमी होत असतं. पाणी आधी खोटं बोलतं आणि मग खरं. नवा माणूस खोट्याला फसतो, पाणी तोडतो आणि नळ्या जाळतो."

मॅडमनी खडू माझ्या हातात दिला. फळ्यावर ती रेघ मी काढली, आधी वर, मग खाली. माझ्या रेघेखाली त्यांनी गणित लिहिलं आणि गणित माझ्या रेघेसारखंच निघालं! चाळीस पोरं खाली मान घालून माझी रेघ उतरवत होती. मला इतका आनंद तुझ्या दहावीच्या निकालानंतर झाला नव्हता.

— बाबा

२४ फेब्रुवारी

ठिणगे,

दुसरी चाचणी. पन्नासपैकी चौतीस. हा पेपर मी फ्रिजवर लावलाय.

'एस'शी माझी तडजोड झाली आहे. तो मला त्रास देत नाही, मी त्याच्या वाटेला जात नाही, गरजेपुरतं बोलतो. पोरं मला गणित शिकवतात, मी त्यांना बॉयलर शिकवतो. कॅंटीनमध्ये माझ्या टेबलाभोवती जागा मिळत नाही.

आई सांगते, तू हल्ली पंपांच्या किमतींची पत्रकं टाइप करतेस. कंट्रोलचं काम कुणी देत नाही म्हणे. मला वाईट वाटलं. पण मी एक सांगू? त्यात माझा दोष नाही.

आता विषय निघालाच आहे तर बोलतो. तू तुझ्या कंपनीकडून आमच्याच कारखान्यात ऑटोची पेटी, म्हणजे पाणी आपोआप राखणारा कंट्रोलर, बसवायला आलीस तेव्हा मी सगळ्या पाळीला पेढे वाटल्यासारखा मिरवत होतो. मग तू सर्वांसमोर मला म्हणालीस, "बाबा, हात मागे घ्या." एकतीस, तेव्हा अठ्ठावीस वर्षं धरू, ज्या हातांनी बॉयलर राखला ते मागे घ्या. बरं, घेतले. आणि मग त्या दिवशी काय झालं? ड्रम भरून वाहिला, वाफेच्या पाइपात पाणी गेलं, गॅस्केट उडाली, कारखाना दोन दिवस बंद. अहवालात लिहिलं, पेटीची जुळणी, म्हणजे तू टाकलेले आकडे, सदोष. ते मी नाही लिहिलं. तज्ज्ञांनी लिहिलं.

त्या दिवशीचा आलेखाचा कागद माझ्याकडे आहे. लॉकरमध्ये, टिफिनच्या जुन्या डब्यात, घडी घालून. त्यावर तुझ्या पेटीने काय घोळ घातला ते शाईत उमटलेलं आहे. मी तो कुणाला दाखवला नाही, तुझीच बेअब्रू नको म्हणून. आणि तरी त्याच संध्याकाळी घरी येऊन तू मला जो प्रश्न विचारलास, तो लेकीने बापाला विचारायचा नसतो.

असो. आईचा गुडघा बरा आहे.

— बाबा

११ मार्च

ठिणगे,

आज तास झाला. आज काही लिहवत नाही.

आई विचारते आहे, जेवला का नाहीत. म्हटलं, पोट बिघडलंय.

— बाबा

१३ मार्च

ठिणगे,

हे पत्र बसून वाच.

परवा मॅडमनी वाइंडअप शिकवला. तुला मी काय सांगणार, तुला पाठ असेल. पण मला ज्या रीतीने कळलं त्या रीतीने लिहितो.

मॅडम म्हणाल्या, कंट्रोलर चूक नुसती बघत नाही, साठवत जातो. पाणी कमी आहे, अजून कमी आहे, अजूनही कमीच आहे, असं मनाशी गोळा करत तो व्हॉल्व्ह उघडत जातो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी पाणी येत नसेल, म्हणजे वाटेत कुठे अडलं असेल, तरी त्याची साठवण थांबत नाही. त्याला बिचाऱ्याला काय माहीत वाट कुणी अडवलीय. मग अडलेलं मोकळं झालं की पाणी धो धो येतं, पातळी जागेवर येते, वर जाते, आणि तरीही तो व्हॉल्व्ह मिटत नाही, कारण साठवलेलं सगळं फिटायला वेळ लागतो. तोवर टाकी भरून वाहते.

आणि त्यांनी फळ्यावर दोन रेघा काढल्या. खालची पातळीची, सपाट, हव्या त्या जागेच्या खाली रेंगाळलेली. वरची व्हॉल्व्हची, माथ्याला चिकटलेली. मग एका जागी पातळी उसळते आणि वरची रेघ तरी माथ्यावरच.

ठिणगे, तो माझ्या डब्यातला कागद होता. शेजारचा पोरगा म्हणाला, काका, घाम का येतोय? मी उठून बाहेर आलो आणि जिन्यात बसलो.

आता सगळं लिहितो. त्या दिवशी तू जेवायला गेलीस. तुझी पेटी ऑटोवर होती. वाफ वाढली, पाणी आधी चढलं, मग उतरलं, ठरल्यासारखं. पेटीने व्हॉल्व्ह उघडायला घेतला. पन्नास टक्के, साठ, सत्तर. मी माझ्या आयुष्यात जुना व्हॉल्व्ह अर्ध्याच्या वर कधी उघडला नव्हता. मला वाटलं, ही पेटी आता ड्रम बुडवणार. माझे हात शिवशिवले. पेटीला हात लावायचा नाही असा तुझा हुकूम. म्हणून मी पेटीला लावलाच नाही. मागे गेलो आणि तुझ्या व्हॉल्व्हच्या पाठीमागे जो हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह आहे ना, तो चार आटे मिटवला.

मग पाणी चार बोटं खाली राहिलं. चाळीस मिनिटं तसंच. तुझी पेटी शंभर टक्क्यांवर जाऊन बसली, आणि मी पाळीतल्या जोडीदाराला म्हटलं, बघ, हिला एवढंही राखता येत नाही.

मग लोखंडी जिन्यावर तुझे बूट वाजले. तू बघशील म्हणून मी धावत जाऊन मागचा व्हॉल्व्ह एका दमात पूर्ण उघडला. आणि काचेसमोर येऊन, हात मागे घेऊन उभा राहिलो.

पुढचं तू स्वतः पाहिलंस. चौकशीत विचारलं, कुणी कशाला हात लावला? मी म्हटलं, नाही. संध्याकाळी घरी तू विचारलंस, "बाबा, मागचा व्हॉल्व्ह फिरवलात का?" मी म्हटलं, "तुझ्या पेटीला काम येत नाही, तर बापावर ढकलतेस?" तू बॅग भरलीस.

मी खोटं बोललो हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मनाला सांगत होतो की पेटी खराबच होती, मी फिरवला नसता तरी हेच झालं असतं, म्हणजे तसं खोटं नव्हे. तीन वर्षं त्या डब्यातल्या कागदावर मी झोपलो. आणि तो कागद तुझा पुरावा होता, माझा नव्हता. मला वाचता येत नव्हता एवढंच.

तुझी जुळणी बरोबर होती. माझ्या लेकीची जुळणी बरोबर होती आणि तिचं नाव मी घालवलं.

माफी मागत नाही. नुसत्या पत्रात माफी मागणं फार सोपं आहे. आधी काम करतो.

— बाबा

५ एप्रिल

ठिणगे,

साहेबांकडे गेलो. आईला आदल्या दिवशी सांगितलं. सकाळी तिने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

म्हटलं, "घाबरलो साहेब. आणि वाटत होतं मीच बरोबर आहे. दोन्ही एकदम होतं."

"आणि आता कशावरून म्हणताय? लेकीला सोडवायला बाप काहीही सांगेल."

त्यांचंही चूक नव्हतं. मी म्हटलं, "एक तास द्या. कॉलेजात या."

मॅडमनी प्रयोगशाळेतली टाकी मोकळी करून दिली. कमरेएवढी टाकी, छोटा पंप, कंट्रोल व्हॉल्व्ह, त्याच्या मागे हाताचा व्हॉल्व्ह. मी ऑटोवर टाकलं, मागचा चार आटे मिटवला, थांबलो, मग धावत जाऊन उघडला. तेव्हा धावलो होतो म्हणून आताही धावलो. टाकी भरून वाहिली आणि साहेबांचे बूट भिजले. डब्यातला कागद मी खिडकीच्या काचेवर धरला, त्यावर नवा कागद ठेवला. उसळीवर उसळी, माथ्यावर माथा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या गुन्ह्याला टाळ्या मिळालेला माणूस मी एकटाच असेन.

साहेब म्हणाले, "हा कॉलेजचा हौद आहे. आपला बॉयलर नाही."

म्हटलं, "मग आपल्या बॉयलरवर करू. मागच्या व्हॉल्व्हला कुणी हात न लावता."

तुझी पेटी तशीच बंद पडून होती गं. दार उघडलं तर आतल्या बाजूला तुझ्या अक्षरात पेन्सिलने जुळणीचे तिन्ही आकडे लिहिलेले, खाली तारीख. मी ते तसेच टाकले, एक टिंबही न हलवता. मॅडम आल्या, साहेब आले, दोन्ही पाळ्यांची माणसं आली. ऑटोचं बटण मी दाबलं. मागच्या व्हॉल्व्हपाशी साहेबांनी स्वतः खुर्ची टाकली.

मग आम्ही वाळवणीच्या विभागाला सांगून वाफ एकदम वाढवली.

पाणी चढलं. कुणीतरी म्हणालं, "गेलं!" मी म्हटलं, "खोटं आहे ते, थांबा." मग उतरायला लागलं. एक बोट, दोन, तीन. पेटीने व्हॉल्व्ह सत्तरवर नेला. इथेच मी तेव्हा उठलो होतो. ठिणगे, मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. नखं रुतली. पाणी साडेतीन बोटांवर थांबलं. मग वळलं. जागेवर आलं, नखभर पुढे गेलं, परतलं आणि उभं राहिलं. सपाट. मी एकतीस वर्षांत इतकं सपाट राखलेलं नाही, हे मी तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने बोललो.

चार तास ठेवलं. तीनदा वाफ वाढवली, दोनदा तोडली. दर वेळी परत जागेवर. बॉयलर हाउसमध्ये असा गलका मी कधी ऐकला नव्हता. जोडीदाराने टोपी उडवली ती चिमणीमागे कुठेतरी अडकली, अजून मिळाली नाही. साहेबांनी खुर्चीवरून उठून फक्त एवढंच विचारलं, "हे आकडे कुणाचे?" त्यांना माहीत होतं. त्यांना ते सगळ्यांसमोर ऐकायचं होतं.

मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, माझ्या नावासकट.

— बाबा

२० जून

ठिणगे,

सोबत तीन कागद आहेत.

पहिला, दुरुस्त अहवाल. दुसरं पान वाच. "जुळणी निर्दोष होती. कारण: ऑपरेटरने मागील हातव्हॉल्व्ह परस्पर फिरवणे व चौकशीत ते लपवणे." ऑपरेटर म्हणजे मी. एक प्रत तुझ्या जुन्या कंपनीला गेली आहे, रजिस्टरने.

दुसरा, मला मिळालेली लेखी ताकीद. शिवाय तीन महिने बॉयलरपासून लांब. म्हणजे कुठे? गोदामात! ज्या पोत्यांना घाबरून मी कॉलेजात गेलो, तिथेच कॉलेजने मला नेऊन बसवलं. आईला मी हे सांगितलं तर ती एवढी हसली की मला तिला पाणी द्यावं लागलं. तीन वर्षांनी हसली असं.

तिसरा, माझी गुणपत्रिका. शंभरपैकी एक्क्याऐंशी. वर्गात चौथा. उरलेले एकोणीस कुठे सांडले ते तू विचारू शकतेस, तो तुझा हक्क आहे. सात तर त्या 'एस'नेच खाल्ले.

मॅडमनी तोंडी परीक्षेत शेवटचा प्रश्न विचारला, "काका, चांगला ऑपरेटर कोण?" मी म्हटलं, "कधी हात लावायचा ते ज्याला कळतं तो, असं मी जानेवारीत म्हणालो असतो." "आणि आता?" म्हटलं, "हात लावला तर सांगतो, तो."

आता माफी मागतो. तुझं नाव घालवलं, तीन वर्षं घालवली, आणि तू खरं विचारत होतीस तेव्हा तुलाच खोटं पाडलं. चुकलो, पोरी. मनापासून चुकलो.

— बाबा

९ जुलै

ठिणगे,

तुझं कार्ड आलं.

गोदामात आणून दिलं. पाठीवर तुझं अक्षर बघितलं आणि एका पोत्यावर बसलो. ना मायना, ना सही. एकच ओळ: "मागच्या व्हॉल्व्हला कुलूप लावा. चावी मला."

मी ते गोदामातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. कुणाला त्यात नाचण्यासारखं काय आहे ते कळेना. मी एकटाच नाचलो. पोत्यांची धूळ एवढी उडाली की मुकादम शिंकत बाहेर गेला.

सुट्टी झाल्यावर साहेबांची परवानगी काढली आणि साखळी, पितळी कुलूप, सगळं स्वतः लावलं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून. साहेब म्हणाले, "एक चावी आपत्काळासाठी माझ्या कपाटात राहील, नियम आहे." तेवढं चालेल ना? दुसरी या पाकिटात आहे. पाकीट जड झालं म्हणून तिकीट जास्तीचं लावलं.

आणि आईने आत्ताच सांगितलं, की नव्या बॉयलरच्या कंट्रोलचं काम तुझ्या जुन्या कंपनीला मिळालंय आणि त्यांनी तुला बोलावलंय, आणि तू होकार दिलास. हे तिला रविवारीच कळलं होतं. आज बुधवार. डेड टाइम!

— बाबा

१८ सप्टेंबर

ठिणगे,

तुझी गाडी वळली आणि मी लगेच लिहायला बसलो. समोर होतीस तेव्हा सगळी माणसं होती, नंतर आई होती, आणि तुझ्या तोंडावर बोलताना माझं अजून अडतं. पत्रात सराव झालाय.

नव्या कंट्रोल रूममध्ये तू शिरलीस तेव्हा चाकांच्या खुर्चीत मी बसलो होतो. तीन महिने संपून चारच दिवस झाले होते. तू मला नमस्कार केलास तो साहेबांना केलास तसाच, कामापुरता. मला तेवढाही पुष्कळ होता. मग तू आकडे टाकलेस, वाफ वाढवायला सांगितलीस, पडद्यावर पाणी चढायला लागलं, आणि नवशिक्या इंजिनिअरने घाबरून माऊसकडे हात नेला. तू आणि मी एकदम म्हणालो, "खोटं आहे ते!"

एका सुरात, ठिणगे. अख्खी खोली आपल्याकडे बघायला लागली. तू पडद्याकडे बघत राहिलीस पण तुझ्या गालाला खळी पडली ती मी पाहिली.

मग तू मान न वळवता म्हणालीस, "बाबा, हात मागे घ्या."

मी दोन्ही हात वर करून दाखवले. खोली हसली, तू हसलीस, पाणी नखभर हललं आणि जागेवर उभं राहिलं. नवा बॉयलर ऑटोवर गेला, पहिल्याच झटक्यात, माझ्या लेकीच्या आकड्यांवर. साहेबांनी सगळ्यांदेखत तुझा हात हातात घेतला तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. धूळ गेली होती डोळ्यात, असं मी जोडीदाराला सांगितलं. नव्या खोलीत धूळ कुठली, असं तो म्हणाला.

जेवताना तू माझ्यासमोर बसलीस. आईने वाढलं तेवढं खाल्लंस आणि म्हणालीस, "बाबा, एकोणीस कुठे सांडलेत?" मी म्हटलं सांगतो, आणि तुझ्यापुढे ते गणित मांडलं. तू माझ्या वहीत पेन्सिलने दोन ओळींत सोडवलंस. दोन ओळींत! सहा महिने मी त्या 'एस'शी झगडलो.

तू गेल्यावर पेन्सिल ठेवायला कंपास पेटी उघडली. आत चावी होती. मागच्या व्हॉल्व्हची, पितळी, जुलैत मी पाठवली तीच.

आई म्हणाली, "विसरली वाटतं पोरगी. पाठवून द्या हो." मी म्हटलं, विसरलेली नाही. तू लहानपणापासून कधी काही विसरलेली नाहीस, हीच तर माझी आयुष्यभराची पंचाईत.

चावी मी कपाटाच्या आतल्या खिळ्याला अडकवली आहे. कुलूप आहे तसंच राहील. हात लावावा लागलाच तर आधी तुला सांगेन.

रविवारी फोन केलास तर मी उचलेन. कुंड्यांना पाणी हल्ली शनिवारी घालतो.

— बाबा